पेशी कोलेस्टेरॉल मोजते कुठे?

इंदूरच्या रामबागेत राहणाऱ्या आमच्या एका काकांनी गेल्या हिवाळ्यात रक्ततपासणीचा कागद माझ्यापुढे सरकवून विचारले, "तूप सोडले, सराफ्यातला गराडू सोडला, तरी हा आकडा हलत का नाही?" प्रश्न रास्त होता. आपल्या शरीरातले बरेचसे कोलेस्टेरॉल ताटातून येतच नाही. ते पेशी स्वतःच घडवतात, आणि किती घडवायचे हे ठरवताना त्या रक्तातले नव्हे, तर स्वतःच्या आतले कोलेस्टेरॉल मोजतात.

हे मोजमाप चालते ती जागा मोठी विलक्षण आहे. पेशीतले बहुतेक कोलेस्टेरॉल तिच्या बाह्य पटलात साठलेले असते. मापक मात्र बसलेला असतो आंतर्द्रव्यजालिकेच्या, म्हणजे पेशीच्या आत पसरलेल्या जाळ्याच्या पटलात, जिथे एकूण साठ्यापैकी जेमतेम एक टक्का कोलेस्टेरॉल असते. साठा एवढा तुटपुंजा असल्यामुळेच त्यातला थोडासा चढउतारही चटकन जाणवतो. या पटलात एसआरईबीपी नावाचे प्रथिन, जनुके चालू करण्याची क्षमता अंगी असूनही, खुंटीला बांधल्यासारखे अडकून असते आणि त्याच्या जोडीला स्कॅप नावाचे दुसरे प्रथिन असते. पटलातील मेद-रेणूंमध्ये कोलेस्टेरॉलचे प्रमाण सुमारे पाच टक्क्यांच्या खाली गेले, की स्कॅप आपल्या जोडीदाराला घेऊन पेशीतल्याच गॉल्गी संकुल नावाच्या भागाकडे निघतो. तिथे दोन विकरे (रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने) एकामागून एक एसआरईबीपीला कापतात आणि सुटा झालेला तुकडा केंद्रकात जाऊन कोलेस्टेरॉल बनवणाऱ्या विकरांची, तसेच रक्तातून एलडीएल (कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण) उचलणाऱ्या ग्राहींची, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरील प्रथिनांची जनुके चालू करतो. प्रमाण वाढले तर स्कॅपचा आकार बदलतो, इन्सिग नावाचे तिसरे प्रथिन त्याला धरून ठेवते आणि जोडी जागची हलत नाही.

डॅलसच्या मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना एलडीएल ग्राहीच्या शोधाबद्दल १९८५ मध्ये नोबेल मिळाले. एसआरईबीपी त्यांच्या प्रयोगशाळेने १९९३ मध्ये, म्हणजे पारितोषिकानंतर शोधले, आणि माझ्या मते अधिक देखणे काम हेच आहे.

कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिनची गोळीही याच यंत्रणेच्या आधारावर चालते. ती कोलेस्टेरॉल बनवणारे एक मुख्य विकर रोखते, यकृताच्या पेशीत टंचाई निर्माण होते, एसआरईबीपी मोकळे होते, आणि वाढलेले ग्राही रक्तातले एलडीएल ओढून घेतात. गंमत अशी, की तेच एसआरईबीपी पीसीएसके९ या प्रथिनाचे जनुकही चालू करते आणि हे प्रथिन ग्राहींचा नाश घडवून आणते. गोळीची मात्रा दुप्पट केली तरी एलडीएल आणखी सहाएक टक्केच उतरते, यामागचे एक कारण हेच.

एसआरईबीपीचा एक प्रकार मात्र मुख्यतः मेदाम्लांचा कारभार पाहतो आणि त्याला चालना मिळते ती इन्सुलिनकडून. पोह्यांसोबत जिलेबी खाल्ली, रक्तातली साखर आणि तिच्यामागे इन्सुलिन वाढले, की यकृतात हा प्रकार वाढतो आणि जास्तीच्या साखरेपासून मेद तयार होऊ लागतो. शरीर इन्सुलिनला दाद देईनासे झाले, तर यकृताची साखर-निर्मिती इन्सुलिन वाढूनही थांबत नाही. मेद-निर्मिती मात्र त्याच वाढत्या इन्सुलिनच्या जोरावर चालूच राहते आणि रक्तातली ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे एका प्रकारचे मेद, चढतात.

काकांच्या कागदावर ट्रायग्लिसराइड्सचा आकडाही चढाच होता. गराडू त्यांनी सोडला होता; सकाळच्या जिलेबीचे मी विचारले, तर म्हणाले, "ती तर पोह्यांबरोबर येतेच ना!"