सांतियागो मार्ग

वायव्य स्पेनच्या गालिसिया प्रदेशातील सांतियागो द कोम्पोस्तेला येथे येशूच्या बारा शिष्यांपैकी एक असलेल्या संत याकोबाची मानली जाणारी समाधी आहे. तिच्याकडे जाणाऱ्या मध्ययुगीन यात्रामार्गांच्या जाळ्यास ‘सांतियागो मार्ग’ (कामिनो द सांतियागो) म्हणतात. त्यांतील सर्वांत रुळलेला ‘फ्रेंच मार्ग’ फ्रान्समधील सँ-झाँ-प्ये-द-पोर येथून निघतो आणि पिरेनीज ओलांडून पाम्प्लोना, बुर्गोस, लेओन असा सुमारे ७८० किमी. जातो. पायी साधारण पाच, तर सायकलने दोन आठवडे लागतात.

उगम : ‘प्रेषितांची कृत्ये’ या बायबलमधील ग्रंथानुसार याकोबाला हेरोद राजाने तलवारीने मारविले, ही घटना जेरूसलेममध्ये इ.स. ४४ च्या सुमारास घडली असावी. याकोबाने स्पेनमध्ये धर्मप्रसार केल्याची समजूत मात्र लिखित स्वरूपात सातव्या शतकाच्या आसपासच आढळू लागते. त्याचा देह पुढे गालिसियात आणला गेला आणि तेथील इरिया फ्लाव्हियाचा बिशप तेओदोमिरो यास समाधी सापडली, असे परंपरा सांगते. त्यासाठी ८१३ हे साल रूढ असले, तरी ८२०–३० हा काळ अधिक ग्राह्य वाटतो. पेलायो नावाच्या एकांतवासी साधूला रात्री अरण्यात दिवे दिसल्याची कथा १०७७ च्या एका करारपत्रात येते. घटना आणि लेखन यांत अडीचशे वर्षांचे अंतर असल्याने तिच्यावर विसंबता येत नाही. तेओदोमिरो हाच कल्पित असल्याची शंका पूर्वी घेतली जाई. १९५५ मध्ये सांतियागोच्या कॅथीड्रलच्या (प्रमुख चर्चच्या) फरशीखालील उत्खननात त्याच्या नावाची व ८४७ मधील मृत्यूची नोंद असलेली शिळा मिळाली आणि ती शंका मिटली. तेथील रोमन काळातील थडग्यांचे अवशेषही महत्त्वाचे आहेत; नवव्या शतकात लोकांना तेथे खरोखरच एक जुने थडगे दिसले असावे, असे त्यांवरून म्हणता येते. ते कोणाचे, हा प्रश्न उरतोच. फ्रेंच अभ्यासक ल्वी द्युशेन याने १९०० मध्ये याकोबाविषयीच्या परंपरेची कठोर चिकित्सा केली. समाधी चौथ्या शतकात देहदंड झालेल्या प्रिसिलियन या स्पेनमधील बिशपची असावी, हे अनुमान तेव्हापासून मांडले जाते. ते आकर्षक आहे. परंतु त्यास थेट पुरावा नाही. १५८९ मध्ये इंग्रजांच्या स्वारीच्या भीतीने समाधीतील अस्थी लपविण्यात आल्या. त्या १८७९ मध्ये पुन्हा मिळाल्या आणि १८८४ मध्ये पोप तेरावा लिओ याने त्या अस्सल असल्याचे जाहीर केले.

बाराव्या शतकातील ‘कोडेक्स कालिक्स्तिनुस’ या हस्तलिखिताच्या पाचव्या भागात मार्गाचे तेरा टप्पे दिले आहेत. त्यांतील काही इतके लांब आहेत, की ते घोडेस्वारालाच झेपावेत. त्यामुळे हा भाग पायी यात्रिकाचे प्रत्यक्ष वेळापत्रक म्हणून वाचणे धोक्याचे आहे.

आधुनिक प्रथा : आषाढी वारीप्रमाणे येथे प्रस्थानाची ठरलेली तिथी नाही, जो तो आपल्या सवडीने निघतो. सोबत घडीचे ओळखपत्र असते. त्यावर धर्मशाळा, चर्च, अगदी खानावळींतूनही शिक्के घेतात. शेवटचे किमान १०० किमी. पायी किंवा २०० किमी. सायकलने कापल्याचे, या अंतरात रोजचे दोन शिक्के दाखवून, सिद्ध केल्यास प्रमाणपत्र मिळते. म्हणूनच सांतियागोपासून शंभराहून थोड्या अधिक किमी.वरील सार्रिया गावापासून पुढे गर्दी वाढते. अनेक धर्मशाळांत पायी आलेल्यांना आधी जागा मिळते. सायकलस्वारांना संध्याकाळपर्यंत थांबावे लागते. फ्रेंच मार्गाचा सर्वोच्च भाग (सुमारे १,५०० मी.) क्रूस द फेर्रो या लोखंडी क्रुसाजवळ आहे. तेथून मोलिनासेकाकडे उतरणारी पायवाट तीव्र उताराची व सुट्या दगडांची असल्याने सायकलस्वारांनी डांबरी रस्ता धरणेच श्रेयस्कर; मात्र त्यावरही ब्रेक तापतील इतका उतार आहे. वाट दाखविणारे पिवळे बाण मध्ययुगीन नव्हेत. मार्गावरील ओ सेब्रेइरो गावचे धर्मगुरू एलियास व्हालिन्या यांनी ते १९८४ च्या सुमारास रंगविण्यास सुरुवात केली.

कौन्सिल ऑफ युरोपने १९८७ मध्ये सांतियागो मार्गास पहिला युरोपीय सांस्कृतिक मार्ग म्हणून मान्यता दिली. १९९३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत त्याचा समावेश झाला. २०१५ मध्ये उत्तर स्पेनमधील मार्गही त्या नोंदीत जोडण्यात आले. पोर्तुगालमधून येणारा मार्गही वर्दळीचा आहे.