क्रूझवरचं दारूचं पॅकेज: 'घेतलं की पैसे वसूल' हे खरं नाही

'क्रूझवर दारू महाग, पॅकेज घेतलं की पैसे वसूल' असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. दारू महाग असते हे खरं, पण वसुली आपोआप होत नाही.

पॅकेज म्हणजे दिवसाला ठरावीक रक्कम भरायची आणि मग दर ग्लासचे वेगळे पैसे द्यायचे नाहीत. समजा ते दिवसाला 70 डॉलर आहे. त्यावर 18 टक्के टिप लागून झाले साधारण 83. सुटं कॉकटेल 13 डॉलरचं, टिप धरून सव्वापंधरा. म्हणजे रोज सहा ग्लास रिचवले तरच फायदा, आणि तेही सफरीच्या प्रत्येक दिवशी! जहाज बंदराला लागलं आणि तुम्ही दिवसभर गावात भटकलात, तरी त्या दिवसाचे पैसे लागतातच. नेमकं हेच हिशेबात धरायचं राहून जातं.

आणखी एक मेख: बऱ्याच कंपन्यांत एकाने पॅकेज घेतलं की त्याच केबिनमधल्या इतर प्रौढांनाही घ्यावं लागतं. जोडीदार दोन घोटांवर थांबणारा असेल तर गणित तिथेच फिसकटतं. सगळीच पॅकेजं अमर्यादही नसतात. कार्निवल या क्रूझ कंपनीच्या पॅकेजमध्ये 24 तासांत 15 मद्यपेयांची मर्यादा आहे.

कॉफी, कोल्ड्रिंक, बाटलीबंद पाणी मात्र बहुधा त्यातच येतं. बंदरं कमी, समुद्रातले दिवस जास्त आणि दोघंही रोज पिणारे असतील, तर घ्या खुशाल.