ग्रास कटर चालू होत नाही: पेट्रोल ओव्हर झालंय की पोहोचतच नाही?

पाऊस ओसरला की कलमांच्या आणि काजूच्या बागांत बेणणीची घाई सुरू होते. पडवीत टांगून ठेवलेला टू-स्ट्रोक ग्रास कटर खाली येतो आणि दोरी ओढून ओढून खांदा निघाला तरी हूं की चूं करत नाही. बघणारा प्रत्येक जण एकच सांगतो, "चोक देऊन मार." पेट्रोल पोहोचत नसेल तर हे बरोबर आहे. ओव्हर झालं असेल, म्हणजे सिलिंडरमध्ये गरजेपेक्षा जास्त भरलं असेल, तर याच उपायाने ते आणखी ओव्हर होतं. आणि बाहेरून दोन्ही मशीन सारखीच गप्प.

पेट्रोल न पोहोचण्याबद्दल फार सांगायला नको, ते सगळ्यांना कळतं. पेट्रोल ओढून घेणारा रबरी फुगा दाबून त्यात पेट्रोल येतं का बघा. येत नसेल तर टाकीतला फिल्टर तुंबलाय, नळी कडक होऊन चिरलीय किंवा फुगाच फाटलाय. झाकण किंचित सैल केल्यावर मशीन चालली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. फुगा भरतो तरी ठिणगी पाडणारा प्लग कोरडाच, असं असेल तर कार्ब्युरेटरमधला (हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागातला) पातळ पडदा ताठ झालाय नाहीतर सुई चिकटलीय. खात्री करायची तर प्लगच्या भोकात अर्धा चमचा मिक्स (ऑइल मिसळलेलं) पेट्रोल टाकून प्लग बसवा आणि दोरी ओढा. दोन सेकंद चालून बंद पडली की ठिणगी ठीक आहे आणि दोष पेट्रोलच्या वाटेवर आहे.

गोंधळ सगळा ओव्हर होण्यात आहे. चोक दिला म्हणजे हवेची वाट बंद झाली. थंड इंजिनाला तीन-चार ओढींत "फट्" असा एकच ठसका येतो आणि ते गप्प होतं. लोकांना वाटतं, चालू होता होता राहिलं, म्हणून चोक तसाच ठेवून ओढत राहतात. ठसका आला की चोक उघडायचा, हाच त्याचा अर्थ. त्यानंतर चोकवर मारलेली प्रत्येक ओढ नुसतं पेट्रोल आत भरते. दुपारी टाकी भरून परत चालू करतानाही हेच होतं. गरम इंजिनाला चोक लागतच नाही. उन्हात तापलेल्या कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलची वाफ झाली असेल तर फुगा पाच-सहा वेळा दाबा आणि चोक उघडा ठेवूनच ओढा.

निवाडा प्लग करतो, ओला असेल तर ओव्हर, कोरडा असेल तर पेट्रोल पोहोचत नाही; पण वेळेवर बघितला तर. पाच-सहा ओढी मारून लगेच, तिथल्या तिथे खोला. बहुतेक प्लगना 19 मिमीचा पाना लागतो. चहा पिऊन येऊन खोललात तर गरम सिलिंडरमध्ये पेट्रोल उडून गेलेलं असतं, ओला प्लग कोरडा दिसतो आणि तुम्ही पुन्हा चोक देता. दुसरी फसगत ऑइलची. टू-स्ट्रोकच्या प्लगवर तेलकट चकाकी असतेच, तिला ओव्हर म्हणायचं नाही. टोक वर्तमानपत्रावर टेका. डाग पसरून थोड्या वेळात बराचसा उडाला तर पेट्रोल; तसाच तेलकट राहिला तर ऑइल.

ओव्हर झालं असेल तर स्विच बंद, कॅप बाजूला, प्लग बाहेर, चोक पूर्ण उघडा. प्लगचं भोक खाली येईल असं मशीन उलटं करून आठ-दहा वेळा दोरी ओढा. आतलं पेट्रोल फवाऱ्यासारखं उडतं, म्हणून तोंड लांब आणि जवळपास विडी-काडी नको. पंधरा मिनिटं उघडं ठेवा, प्लग पुसा, टोकांमधली फट (गॅप) 0.6 ते 0.7 मिमी करा. प्लग गॅसच्या शेगडीवर भाजायची पद्धत सोडून द्या. चिनी माती तडकते आणि मग ठिणगी भलतीकडेच पडते. प्लग बसवून स्विच चालू करा, चोक उघडा, ट्रिगर पूर्ण दाबून ओढा. चालू होताक्षणी पातं फिरणार, तेव्हा ते मोकळ्या जागेत आणि पाय लांब. सुरुवातीला भरपूर धूर येईल, येऊ द्या.

एवढं करूनही प्लग ओलाच येत असेल तर ठिणगी बघा. आधी सांडलेलं पेट्रोल उडून जाऊ द्या, मग प्लग कॅपमध्ये घालून भोकापासून लांब सिलिंडरच्या धातूला टेकवा, स्विच चालू करून दोरी ओढा. ठिणगी नसेल तर किनाऱ्यालगत पहिला संशय खाऱ्या हवेवर घ्यावा: कॅपमधली स्प्रिंग गंजलेली, स्विचची वायर हिरवी पडलेली, फ्लायव्हील (चुंबकाचं फिरणारं चाक) आणि ठिणगीची वीज बनवणारी कॉइल गंजलेली. पॉलिश पेपरने घासा, फ्लायव्हील आणि कॉइल यांच्यातली फट साधारण 0.3 मिमी ठेवा. नवीन प्लग आणायची घाई त्यानंतर.

एक प्रकार दोन्हींत बसत नाही. प्लग ओला, पण पेट्रोलने नाही. हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते पावसाळी हवेतलं पाणी ओढतं. पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन टाकीच्या तळाशी बसतं, आणि फिल्टर नेमका तळाशी लोंबत असतो. टाकी काचेच्या बाटलीत ओता, तासभर ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर ते पेट्रोल फेका, ढवळून वापरू नका. नवीन मिक्स मापाने करा: पुस्तिकेत 50:1 असेल तर लिटरला 20 मिली ऑइल, 25:1 असेल तर 40. बाटलीच्या झाकणाने अंदाजे ओतायचं नाही. आणि हे सगळं होईपर्यंत कार्ब्युरेटरच्या स्क्रूंना हात लावू नका; एकदा फिरले की मूळ दोष कुठला होता ते मेकॅनिकलाही सापडत नाही.