पहिला फ्लॅट घेताना: पार्किंग आणि सामानाची जागा

पहिल्यांदा घर बघायला आलेलं कुटुंब फ्लॅटमध्ये शिरलं की आधी हॉल बघतं, मग ओटा बघतं, बाल्कनीत उभं राहून वारा येतो का ते बघतं. पार्किंगचा विषय लिफ्टमधून खाली येताना निघतो. "पार्किंग आहे ना?" समोरून "आहे की!" आलं की विषय संपला. सामान कुठे ठेवायचं हा प्रश्न तर टेम्पो दारात आल्यावरच पडतो.

आम्ही पुण्यात घरांच्या खरेदी-विक्रीचं काम करतो. फ्लॅटच्या किमतीतले काही लाख याच दोन गोष्टींत अडकलेले असतात आणि ते बहुतेकांना फ्लॅट विकायला काढल्यावर कळतं. म्हणून टोकन, म्हणजे सौदा ठरवतानाची पहिली रक्कम, देण्याआधी हे पत्रक घरातल्या सगळ्यांनी एकदा वाचावं, ही विनंती.

"आहे" म्हणजे नेमकं काय?

एकाच "आहे"मागे चार वेगळ्या गोष्टी असू शकतात. इमारतीभोवतीची उघडी जागा, इमारतीखाली खांबांमधली स्टिल्टची जागा, बेसमेंट किंवा पोडियमवरची (इमारतीच्या पायथ्याशी उंच बांधलेल्या मजल्यावरची) जागा, आणि एकावर एक गाड्या चढवणारं मेकॅनिकल पार्किंग. चारही गोष्टींची किंमत सारखी नाही आणि कायदाही त्यांच्याकडे सारखा बघत नाही.

उघड्या पार्किंगचं सोपं आहे. रेरा, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्यानुसार ती सामाईक जागा आहे, बिल्डरला ती विकता येत नाही. महारेराने, म्हणजे हा कायदा राबवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, ३० जुलै २०२१ च्या परिपत्रकातही हेच स्पष्ट केलं. कंपाउंडच्या भिंतीलगत रंगाने पट्टे मारून "हे तुमचं, याचे दोन लाख" असं कोणी म्हणालं, तर ते पैसे देऊ नका. दिलेत तरी ती जागा तुमच्या मालकीची होणार नाही.

आच्छादित पार्किंग, म्हणजे स्टिल्ट, बेसमेंट, पोडियम किंवा मेकॅनिकल, नवीन प्रकल्पात मोबदला घेऊन देता येतं. मात्र ते मंजूर नकाशात असलं पाहिजे आणि करारनाम्यात आलं पाहिजे. महारेराच्या नमुना करारनाम्यात त्यासाठी वेगळं कलम आहे, त्यात पार्किंगचा क्रमांक आणि कुठल्या मजल्यावर आहे ते भरायचं असतं. एप्रिल २०२४ मध्ये महारेराने आणखी पुढचं पाऊल टाकलं. पार्किंगची लांबी, रुंदी, उंची आणि नेमकी जागा करारनाम्याच्या जोडपत्रात द्यायला सांगितली. ताबा घेतल्यावर तुळई आडवी येते, गाडीचं दार उघडत नाही, अशा तक्रारी वाढल्या होत्या, त्यातून हे आलं. मसुद्यात "एक कार पार्किंग" एवढेच तीन शब्द असतील तर सही करू नका, जोडपत्र मागा. तो तुमचा हक्क आहे, मागायला संकोच कसला?

जुन्या सोसायटीतला फ्लॅट घेत असाल तर गोष्ट निराळी. दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी निकाल दिला की १९६३ च्या मोफा कायद्याखाली (महाराष्ट्राचा फ्लॅट खरेदी-विक्रीचा जुना कायदा) स्टिल्टमधलं पार्किंग हा सामाईक जागेचा भाग आहे, बिल्डरला तो स्वतंत्रपणे विकता येत नाही. अशा सोसायट्यांत पार्किंग देते ती सोसायटीची कमिटी. सभासदाला मिळालेली जागा वापरायला असते, ती विकायचा अधिकार त्याला नसतो. त्यामुळे विकणारे काका कितीही प्रेमाने म्हणाले, "वीस वर्षं माझी गाडी इथेच लागते, ती जागा तुमचीच," तरी सोसायटीकडून लेखी घ्या. फ्लॅट तुमच्या नावावर झाल्यावर पार्किंग पुढे चालू राहणार का? की प्रतीक्षा यादीत नाव लावायचं? गाड्या जास्त आणि जागा कमी असतील तिथे दरवर्षी चिठ्ठ्या टाकतात. ते वाईट नाही, फक्त त्या जागेचे तीन-चार लाख जास्त मोजायचे नसतात.

टेप घेऊन खाली उतरा

कागद झाला की जागा मोजा. आम्ही ग्राहकांसोबत जाताना पाच मीटरची टेप सोबत नेतो, तुम्हीही न्या.

गाडीसाठी साधारण अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा धरतात. नकाशावर ती ऐसपैस वाटते. क्रेटासारखी गाडी १७९ सेंटीमीटर रुंद आहे. म्हणजे उरले ७१ सेंटीमीटर, दोन्ही बाजूंना मिळून. गाडी बरोबर मधे लावली तर प्रत्येक बाजूला ३५. बेताच्या अंगाच्या माणसालाही दार उघडून बाहेर पडायला साठ सेंटीमीटर तरी लागतात. दोन्हीकडे मोकळी जागा असेल तर शेजाऱ्याच्या बाजूने भागतं, पण एका बाजूला खांब आणि दुसरीकडे भिंत असेल तर गाडी आत जाते आणि माणूस आत अडकतो. वॅगन आर १६२ सेंटीमीटर रुंद आहे, तिचं तिथे निभेल. म्हणून मोजताना आज दारात असलेली गाडी तर धराच, पाच वर्षांनी घ्याल तीही धरा.

एका नव्या इमारतीत आम्ही असंच मोजत होतो. जागा अडीच मीटर होती, नकाशाप्रमाणे अगदी बरोबर. पण बॉनेट येईल तिथे डोक्यावरून ड्रेनेजचा पाइप गेलेला, त्याच्या जोडावर पांढरट ओघळ आणि खाली फरशीवर तसाच डाग. ग्राहक ताईंनी हात लावून बघितलं, ओल होती. बिल्डरच्या माणसाला दाखवलं तेव्हा त्यांनी त्याच मजल्यावरचा दुसरा क्रमांक करारात लिहून दिला. हे टोकन देण्याआधी झालं म्हणून पाच मिनिटांत झालं.

मेकॅनिकल पार्किंग असेल तर प्रत्यक्ष चालवून दाखवायला सांगा. वरच्या पाळण्याला उंचीची आणि वजनाची मर्यादा असते, मोठी एसयूव्ही त्यात बसेलच असं नाही. खालची गाडी काढल्याशिवाय वरची उतरत नाही अशीही रचना असते, मग सकाळी सव्वाआठला शेजाऱ्याची बेल वाजवायची. वीज गेली तर जनरेटरवर चालतं का, वार्षिक देखभालीचा खर्च मेन्टेनन्समध्ये धरलाय का, हेही विचारा. आमच्या मते मेकॅनिकल जागेसाठी साध्या स्टिल्टइतके पैसे मोजू नयेत.

आणि एकदा रात्री साडेनऊला सोसायटीत चक्कर मारा. रविवारी सकाळी अकराला रिकामं दिसणारं आवार रात्री ओळखू येत नाही. गेटबाहेर रस्त्यावर दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या असतील तर आत काय परिस्थिती आहे ते वेगळं विचारायला नको.

पैसे करारातच दाखवा

"पार्किंगचे चार लाख बाहेरून द्या, स्टॅम्प ड्युटी वाचेल," हे वाक्य तुम्हाला कुठेतरी ऐकू येईलच. त्याचा हिशेब मांडू.

समजा फ्लॅट ५६ लाखांचा आणि पार्किंग ४ लाखांचं. ३० ते ७५ लाखांच्या कर्जासाठी रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत कर्ज मिळू शकतं. करार ६० लाखांचा असेल तर कर्ज ४८ लाखांपर्यंत. करार ५६ चा केला तर ४४ लाख ८० हजारांपर्यंत. म्हणजे ३ लाख २० हजार जास्तीचे तुमच्या खिशातून. वाचले किती? पुण्यात ७ टक्क्यांनी चार लाखांवरची मुद्रांक शुल्काची रक्कम होते २८ हजार. खरेदी घरातल्या बाईच्या नावावर असेल तर दर एक टक्क्याने कमी, म्हणजे २४ हजार. एवढ्यासाठी पार्किंगचा पुरावा घालवायचा, आणि पुढे विकताना ते चार लाख खरेदी किमतीत दाखवताही येत नाहीत. शिवाय घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही. आम्ही असा व्यवहार करत नाही आणि कोणाला सुचवतही नाही.

नवीन प्रकल्पात नोंदणीकृत करारनाम्याआधी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, हेही लक्षात असू द्या. पार्किंगचा क्रमांक पक्का होईपर्यंत थांबायला तुम्हाला पूर्ण वाव आहे.

"पण आमच्याकडे गाडीच नाही"

तरी एक आच्छादित पार्किंग घ्या, असं आम्ही सांगतो. तुमचा फ्लॅट उद्या घेणाऱ्याकडे गाडी असेल. पार्किंग नसलेला फ्लॅट बघायला लोक येतात, आवडतो म्हणतात आणि शेवटी पार्किंगवर अडतात. मग तो महिनोन् महिने तसाच राहतो नाहीतर मालकाला भाव खाली आणावा लागतो. दुसऱ्या पार्किंगसाठी मात्र ओढाताण करू नका. भाड्याने देऊ, असं मनात असेल तर बहुतेक सोसायट्या बाहेरच्याची गाडी आत येऊ देत नाहीत.

आता सामान

रेराच्या कार्पेटमध्ये, म्हणजे घराच्या आतल्या वापराच्या क्षेत्रफळात, आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, डक्ट (पाइप जाणारी उभी पोकळी), बाल्कनी आणि गच्ची धरत नाहीत. माळ्याचे म्हणजे लॉफ्टचे तर चौरस फूट मोजलेच जात नाहीत. त्यामुळे ४०० चौरस फूट कार्पेटचे दोन फ्लॅट कागदावर सारखे दिसतात. एकात बाथरूमवर आणि पॅसेजवर माळा असतो, दुसऱ्यात फॉल्स सीलिंग आणि दिवे.

आपल्या घरात काय काय असतं ते आठवा. गावाहून आलेले वर्षाचे गहू-तांदूळ, पाहुण्यांच्या गाद्या, गणपतीचं मखर, रुखवताची भांडी, चार सुटकेसी, उन्हाळ्याखेरीज आठ महिने नुसता उभा असलेला कूलर. माळा नसेल तर हे सगळं बेडरूममध्ये येतं. सहा फूट बाय दोन फुटांचं एक जादा कपाट बारा चौरस फूट खातं. चौरस फुटाला नऊ हजार दर धरला तर एक लाख आठ हजारांची जमीन तुम्ही कपाटाखाली घातली. उलट दहा फूट लांब, दोन फूट खोल माळा वीस चौरस फुटांचं सामान डोक्यावर उचलून घेतो.

बँकेचा व्हॅल्युअर माळ्याचे पैसे धरत नाही, हे खरं. तो मंजूर नकाशातलं क्षेत्रफळ बघतो. पण पुढचा खरेदीदार घर बघायला येतो तेव्हा त्याला पलंगाभोवती फिरायला जागा दिसते की बॅगांची रास, यावर त्याचा आकडा ठरतो. नकाशात दाखवलेली चार बाय पाचची स्टोअर रूम असेल तर तिचे पूर्ण दराने पैसे लागतात; दोन बेडरूमच्या घरात चार-पाच माणसं राहणार असतील तर आम्हाला ते वाजवी वाटतं.

ड्राय बाल्कनी, म्हणजे धुण्याभांड्यांची छोटी बाल्कनी, नीट बघा. वॉशिंग मशिन ठेवल्यावर दार उघडतं का? दुसरा सिलिंडर कुठे बसेल? आधीच्या मालकाने डक्टवर फळ्या टाकून किंवा बाल्कनी बंद करून खोली काढली असेल तर तिच्यासाठी जास्त पैसे देऊ नका. मंजूर नकाशात ती खोली नाही, त्यामुळे बँकेच्या हिशेबातही नाही, आणि डक्टमधला पाइप फुटला की प्लंबर पहिल्यांदा त्याच फळ्या काढायला सांगतो.

"बेसमेंटमध्ये स्टोरेज देऊ" असं आश्वासन मिळालं तर तेही नकाशावर दाखवायला सांगा. सामाईक साठवणीच्या जागा रेरात सामाईक क्षेत्रात धरल्या आहेत, त्या एकट्या कोणाच्या नसतात. जिन्याखाली, लॉबीत किंवा पार्किंगच्या कोपऱ्यात ठेवलेलं सामान तर कोणाच्याच किमतीत धरू नका. आग लागली तर लोकांना उतरायची वाट तीच आहे.

भेटीला येताना

फ्लॅट पसंत पडला असेल तर टोकन देण्याआधी आमच्याकडे या. नवीन प्रकल्प असेल तर महारेरा नोंदणी क्रमांक, करारनाम्याचा मसुदा आणि पार्किंगचा मंजूर नकाशा आणा. रीसेल असेल तर मूळ करारनामा, शेअर सर्टिफिकेट आणि सोसायटीचं पार्किंगचं पत्र आणा; पत्र नसेल तर सेक्रेटरींना अर्ज कसा लिहायचा ते आम्ही सांगू. गाडी असेल तर तिचं मॉडेल सांगा, आणि घरातल्या सगळ्यात मोठ्या कपाटाचं माप घेऊन या. जागेवर आपण मिळून मोजू. या पहिल्या भेटीचे आम्ही पैसे घेत नाही.