तुर्केस्तान : काझी हटवले, पण न्यायाधीश आणायचे कुठून?

१९१७ च्या अखेरीस लेनिनच्या सरकारने एका फर्मानासरशी झारच्या काळातली न्यायालये मोडीत काढली. सरकारी अभियोक्ते गेले, वकिलांची संघटनाही गेली. खालच्या पातळीवर एक न्यायाधीश आणि सर्वसामान्यांतून निवडलेले दोन सहन्यायाधीश, अशी नवी बैठक ठरली. वर्षभराने जुन्या कायद्यांचा हवाला द्यायलाच बंदी झाली. फर्मान नसेल तिथे 'समाजवादी न्यायबुद्धी' वापरायची. मॉस्को-पेत्रोग्रादमध्ये हे कसेबसे निभावले. तुर्केस्तानात, म्हणजे ताश्कंद राजधानी असलेल्या मध्य आशियाई मुलखात, गाडी अडली ती माणसांवर.

मुळात १८६७ नंतर रशियनांनीही इथला स्थानिक न्याय बहुतांशी जुन्याच लोकांवर सोपवला होता. शहरांत आणि शेतकरी वस्तीत शरियतनुसार निवाडा करणारे काझी, भटक्या टोळ्यांत रूढीनुसार तंटे सोडवणारे बी. लग्न, वारसा, घरजमिनीचे खरेदीखत, सगळ्यावर काझीची मोहोर. क्रांतीनंतर ताश्कंदची सत्ता प्रामुख्याने रशियन रेल्वे कामगार आणि सैनिकांच्या हाती आली. यांच्यापैकी कुणाला न्यायासनावर बसवले तर फिर्यादीची भाषा कळत नाही. मग दुभाषी आणा, आणि खरा निकाल त्या दुभाष्याच्याच तोंडात! त्यातच रशियाकडे जाणाऱ्या वाटेवरच्या ओरेनबुर्ग शहराजवळ बोल्शेविकविरोधी कॉसॅक घोडेस्वारांनी रेल्वे रोखल्यामुळे १९१९ पर्यंत मॉस्कोकडून मदतीचीही मारामार.

काझी न्यायालये बंद करण्याची घाई अंगाशी आली. सोव्हिएत सत्तेविरुद्ध लढणाऱ्या स्थानिक बासमाची बंडखोरांना धर्मरक्षणाचा मुद्दा आयता मिळाला, आणि १९२१-२२ मध्ये सरकारने ती पुन्हा चालू होऊ दिली. एरवी याला तडजोड म्हणतात; मला त्यात मनुष्यबळाचा हिशेबही दिसतो. लिहिता-वाचता येणारा, गावाने मानलेला निवाडाकार दुसरा होता कुठे?

पण डिसेंबर १९२२ च्या हुकुमाने काझींची नस पकडली. सरकारी तिजोरीतून पैसा बंद, आणि एका पक्षकाराने मागणी केली तरी खटला सोव्हिएत न्यायालयात. त्याच सुमारास रशियाचा नवा न्यायव्यवस्था कायदा आला. त्यात न्यायाधीशासाठी पदवीची अट नव्हती. मताधिकार हवा आणि दोन वर्षांचे जबाबदारीचे राजकीय-सामाजिक काम, किंवा तपास अधिकारी वा त्यावरच्या पदावरचा तीन वर्षांचा अनुभव. कायदा शिकायचा तो खुर्चीत बसल्यावर, जमल्यास अल्पमुदतीच्या वर्गांत.

१९२३ पासून स्थानिकांनाच पदे देण्याचे धोरण आले, १९२४ मध्ये तुर्केस्तानची विभागणी होऊन उझबेक प्रजासत्ताक झाले आणि सप्टेंबर १९२७ मध्ये तिथल्या काझी न्यायालयांची उरलीसुरली मान्यताही काढून घेतली गेली. याच सुमारास अरबी लिपी जाऊन लॅटिन आली. आधीच साक्षर कारकून मिळत नव्हते. जे होते त्यांनाही आता पुन्हा मुळाक्षरांपासून सुरुवात करावी लागली.