उंच गाडी म्हणजे चाकांची जास्त चाल नव्हे

"स्प्रिंगला स्पेसर (जाड चकती) लावून फोर-बाय-फोर गाडी उंच केली, की पुढची चाकं जास्त खाली-वर होतात," असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. उंच गाडी शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पोट घासत नाही, म्हणून तो पटतोही. पण चाक किती खाली लोंबेल हे शॉकअपची लांबी ठरवते, किती वर जाईल हे बंपस्टॉप, म्हणजे चाकाला वर अडवणारा रबरी ठोकळा. स्पेसरने दोन्ही बदलत नाहीत, म्हणजे चाकाची खाली-वर होण्याची हद्द, म्हणजेच चाल, वाढत नाही. उलट उभ्या गाडीतच शॉकअप ताणलेला राहतो, मग पांदणीच्या खड्ड्यात चाक लवकर अधांतरी होतं.

मोजून बघा. पुढचं एक चाक हळूहळू धुऱ्यावर चढवा. कुठलंही चाक जमीन सोडायच्या बेतात आलं की थांबा. पुढे दोन्हीकडे चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंत टेप लावा. दोन मापांतला फरक स्पेसरआधी आणि नंतर ताडून पाहा. चाल हवी तर लांब शॉकअप घ्या, आणि ब्रेकचा होजपाइपही तेवढा लांब. तो ताणून तुटला तर ब्रेकच जाऊ शकतो.