२^१२७ − १ (मर्सेन मूळ संख्या)

२चा १२७वा घात घेऊन त्यातून १ वजा केल्यावर मिळणारी ३९ अंकी मूळ संख्या. दशमान पद्धतीत ती १७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७ अशी लिहिली जाते. द्विमान पद्धतीत (जिथे ० आणि १ हे दोनच अंक असतात) मात्र नुसता १ हा अंक, ओळीने १२७ वेळा. मर्सेन मूळ संख्यांमध्ये, म्हणजे २^न − १ या रूपाच्या मूळ संख्यांमध्ये, तिचा क्रमांक बारावा.

फ्रेंच धर्मगुरू मारँ मर्सेन याने १६४४मध्ये २^न − १ ही संख्या कोणत्या ‘न’साठी मूळ असते याची यादी दिली. त्या यादीत १२७ होता. पण तीत ६७ आणि २५७ चुकून आले होते, आणि ६१, ८९ व १०७ सुटले होते, त्यामुळे केवळ यादीवर विश्वास ठेवण्यात अर्थ नव्हता. एद्वार ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने १८७६मध्ये ही संख्या मूळ असल्याचे हाताने आकडेमोड करून दाखवले.

हे काम विभाजक शोधत बसून होण्यासारखे नव्हते. तसे करायचे तर सुमारे १.३ × १०^१९पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहावे लागले असते. ल्युकाने वेगळी वाट धरली. या संख्येत १ मिळवला की मिळतो तो २चा निव्वळ घात, आणि त्याचाच फायदा घेता येतो. पुढे अमेरिकन गणितज्ञ डी. एच. लेहमर यांनी सोपी करून दिलेली कसोटी अशी: ४पासून सुरुवात करा, दर वेळी वर्ग करून २ वजा करा. २^५ − १ = ३१ घेतल्यास ४, १४, १९४, ३७६३४ असा क्रम येतो; ३७६३४ला ३१ने नेमका भाग जातो, म्हणून ३१ मूळ. पायऱ्या घातांकापेक्षा दोनने कमी, म्हणजे ५साठी ३; १२७साठी हीच पायरी १२५ वेळा करायची, आणि दर वेळी फक्त बाकी पुढे न्यायची; शेवटी बाकी शून्य आली तर संख्या मूळ. बाकी काढणेही अवघड नाही. २^१२७ला या संख्येने भागले की १ उरतो, म्हणून १२७ अंकांपलीकडचा द्विमान भाग उचलून खालच्या भागात मिळवला की झाले. कसोटीचा एक विचित्र गुण असा की संख्या संयुक्त निघाली तरी तिचा एकही विभाजक हाती लागत नाही.

ज्ञात मूळ संख्यांमध्ये सर्वांत मोठी हा मान तिच्याकडे १९५१पर्यंत, म्हणजे ७५ वर्षे राहिला. त्या वर्षी फ्रेंच गणितज्ञ फेरिये यांनी यांत्रिक गणकावर (२^१४८ + १)/१७ ही ४४ अंकी मूळ संख्या सिद्ध केली. त्याच वर्षी केंब्रिजच्या एडसॅक संगणकावर मिलर व व्हीलर यांना मिळालेली ७९ अंकी संख्या तर १८० × (२^१२७ − १)^२ + १ अशी, याच संख्येवर उभी होती. कोणत्याही यंत्राशिवाय, केवळ हाताने सिद्ध झालेल्या मूळ संख्यांत मात्र तिच्याहून मोठी नाही.

युक्लिडच्या नियमाने २^१२६ × (२^१२७ − १) ही ७७ अंकी परिपूर्ण संख्या (स्वतःखेरीज इतर विभाजकांची बेरीज तिच्याइतकीच भरणारी) तिच्यापासून मिळते. संगणकात १२८ बिटांत (द्विमान अंकांत) साठवलेल्या चिन्हांकित, म्हणजे धन किंवा ऋण असू शकणाऱ्या, पूर्णांकाची कमाल किंमतही हीच. बाकी काढण्याच्या वर सांगितलेल्या सोयीमुळे २०१५मध्ये मांडलेल्या ‘फोर-क्यू’ या, कूटलेखनासाठी (माहिती गुप्त ठेवण्यासाठी) वापरायच्या गणिती वक्रात तिचा वापर झाला.

२, ३, ७, १२७ या क्रमात प्रत्येक संख्या घातांक म्हणून घेतली की पुढची मिळते: २^२ − १ = ३, २^३ − १ = ७, २^७ − १ = १२७, आणि पाचवी ही. सहावी, म्हणजे २^(२^१२७ − १) − १, मूळ आहे की नाही हे ठाऊक नाही. तिच्यासाठी ल्युकाची कसोटी लावायची तर पायऱ्यांची संख्याच १.७ × १०^३८च्या घरात जाते.